राखीव खेळाडूंचा देश

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने अमेरिकेत राहायला आलेल्या मराठी आजी-आजोबांत शनिवारी हमखास दोन तट पडतात. सकाळी नातवंडांचा सॉकरचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, सामना बघून झालेला असतो. संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या लेक एलिझाबेथ तळ्याला चक्कर मारताना एक तट म्हणतो, "अहो, हा कसला खेळ? गोल मोजायचे नाहीत, कोण हरलं ते सांगायचं नाही, आणि सीझन संपला की सगळ्यांना पदक. अशानं पोरं मऊ पडायची." दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की हेच तर आपल्याला जमलं नाही. "सात वर्षांच्या पोरांना केवढी मैदानं, केवढी साधनं! म्हणून यांना ऑलिंपिकला पदकं मिळतात. आपण एकशे चाळीस कोटी, आणि पॅरिसहून सहा पदकं घेऊन आलो." मग सामन्याचा व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि पुण्या-सांगलीत तोच वाद नव्यानं सुरू होतो. तिकडे पहाट झालेली असते, त्यामुळे उत्साहही जास्त.

माझ्या मते दोन्ही तट भलत्याच प्रश्नावर भांडताहेत. गोल मोजावेत की नाही, हा किरकोळ मुद्दा आहे. ऑलिंपिकचा तर इथं संबंधच नाही. शनिवारच्या त्या सामन्यातून आपण काही उचलावं असं असेल तर एवढंच: संघात नाव असलेलं प्रत्येक मूल खेळतं, आणि निदान किती वेळ खेळेल हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर नसून नियमात लिहिलेलं असतं. आपल्या शालेय खेळात नेमकी हीच गोष्ट नाही, आणि ती आणायला ना अमेरिकेचा पैसा लागतो ना अमेरिकेची जमीन.

माझी नात सात वर्षांची. तिच्या वयोगटात सामना चार विरुद्ध चार असतो, गोलकीपर नसतो, चेंडू तीन नंबरचा, आणि मोठ्या मैदानाचा एक कोपरा पांढऱ्या रेघा मारून वेगळा केलेला. दहा-दहा मिनिटांचे चार भाग. शिट्टी वाजली की आठही पोरं चेंडूभोवती गोळा होतात आणि तो घोळका मैदानभर फिरतो, बाकी सगळं मैदान ओस. आमच्या संघातली एक मुलगी गवतातली पिवळी फुलं खुडत होती. चेंडू तिच्या पायाजवळून गेला तरी तिला पत्ता नाही. प्रशिक्षक म्हणजे संघातल्याच एका मुलाचे वडील. त्यांच्या हातात क्लिपबोर्ड, त्यावर पेन्सिलीनं आखलेले रकाने: कुठल्या भागात कोण आत, कोण बाहेर. दहा मिनिटं संपली की त्यांनी कागद बघायचा आणि नावं पुकारायची. फुलं खुडणारी पुन्हा आत राहिली, आणि ज्या पोरानं नुकतेच दोन गोल मारले होते तो बाहेर आला, कारण कागदावर तसं होतं. त्या पोराचे आजोबा छत्रपती संभाजीनगरचे. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "फॉर्मात असलेल्याला कुणी काढतं का हो?" असं ते माझ्याकडे वळून म्हणाले.

काढतात. आणि तो रकान्यांचा कागद हाच माझ्या लेखी सगळ्या प्रकारातला कळीचा भाग आहे. अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन ही संस्था १९६४ साली लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स गावात सुरू झाली. सगळे खेळणार, हे तिचं पहिलं सूत्र, आणि प्रत्येकाला निदान अर्धा सामना मिळालाच पाहिजे हा त्यातून आलेला नियम. बेसबॉलची लिटल लीग त्याहून जुनी, १९३९ सालची, पेनसिल्व्हेनियातली. तिथंही प्रत्येक मुलाला बॅटिंगची निदान एक पाळी आणि ठरावीक वेळ फिल्डिंग द्यावीच लागते. म्हणजे दुबळ्या मुलाला खेळवणं हा प्रशिक्षकाचा चांगुलपणा नाही. न खेळवणं हा नियमभंग आहे.

आता पहिल्या तटाचा मुद्दा. हरणं पचवायला लहानपणीच शिकावं, हे मला पूर्ण मान्य आहे. शिवाय गोल न मोजण्यात थोडं ढोंगही आहे, कारण पोरांना स्कोअर तोंडपाठ असतो. सामना संपल्यावर 'गुड गेम, गुड गेम' म्हणत रांगेनं हात मिळवतानाच आमची नात कुजबुजली, "आजी, आम्ही सहा, ते चार." मग मोजायचं नाही म्हणजे नक्की काय टाळायचं? टाळायचा असतो तो गुणतक्ता. ज्या दिवशी भिंतीवर तक्ता लागतो त्या दिवसापासून प्रशिक्षकाला फुलं खुडणारी मुलगी परवडत नाही. तो तिला बाकावर बसवतो, वर तिच्या आईला सांगतो की पुढच्या सामन्यात नक्की. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं याच विचारानं अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत गुणतक्ते प्रसिद्ध करणं बंद केलं. नॉर्वे तर १९८७ पासून मुलांच्या खेळाचे वेगळे नियम पाळतो: मूल अकराचं होईपर्यंत क्रमवारी नाही, तेराचं होईपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, आणि बक्षीस द्यायचंच तर सगळ्यांना.

अशानं पोरं मऊ पडतात म्हणता? साधारण ५५ लाख लोकवस्तीच्या, मुंबईच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या त्या नॉर्वेनं २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं घेतली, तेव्हाचा तो विक्रम होता. २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकं. हे आकडे बघून दुसऱ्या तटानं लगेच टाळ्या पिटू नयेत. नॉर्वेकडे बर्फ आहे, तेलाचा पैसा आहे, पिढ्यान् पिढ्यांची स्कीइंगची सवय आहे. या आकड्यांतून एवढंच सिद्ध होतं की सगळ्यांना खेळवल्यानं कुणी कच्चं राहत नाही. सगळ्यांना खेळवलं की पदकं मिळतात, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्याचा पुरावा तर खुद्द अमेरिकेतच आहे. शनिवारचा सॉकर तिथं मुलगेही खेळतात आणि मुलीही, तीच मैदानं, तेच क्लिपबोर्ड. अमेरिकेच्या महिला संघानं चार विश्वचषक जिंकले, आणि पुरुष संघ २०१८ च्या विश्वचषकाला पात्रसुद्धा ठरला नाही. एकाच मळ्यात एवढा फरक कसा? कारण वरच्या पातळीवर कोण चमकणार हे वेगळ्याच गोष्टींनी ठरतं. मुलींच्या बाबतीत १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळात भेदभाव करायची बंदी झाली, आणि इतर कित्येक देशांत मुलींना मैदानावर पायही ठेवू देत नव्हते तेव्हा अमेरिकेतल्या मुली कॉलेजच्या संघात खेळत होत्या. सात वर्षांच्या पोरीच्या शनिवारच्या सामन्याला पदकांच्या हिशेबात ओढणं म्हणजे तिच्यावर नाहक ओझं टाकणं आहे. तिनं खेळावं, कारण ती सात वर्षांची आहे. आणखी कारण कशाला हवं?

आपल्याकडे मात्र ओढ पहिल्यापासून अजिंक्यवीराकडे. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डची उपांत्य लढत, फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान: शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. धावफलक होता २ बाद ७४८. म्हणजे चार जणांनी बॅटिंग केली आणि उरलेल्या सात जणांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली, आणि त्या मुलाचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्या सामन्यात समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले, त्या संघात बरीच मुलं वयानं लहान होती असं तेव्हाच्या बातम्यांतच आलं होतं, आणि तरीही डाव ३ बाद १४६५ पर्यंत चालू राहिला. दीड दिवस चेंडूमागं धावलेल्या त्या मुलांचं काय, हा प्रश्न कुणी विचारला? थोरांच्या सामन्यात हा प्रश्न गैरलागू आहे. शाळेच्या सामन्यात तोच पहिला असायला हवा. कुठल्यातरी मोठ्यानं मध्ये पडून 'बास, आता बाकीच्यांना येऊ दे' म्हणायला हवं होतं, पण तसं म्हणायला लावणारा नियमच नव्हता.

आणि सगळ्यात मोठा दोष तर क्रिकेटमध्येही नाही, तो आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या मांडणीत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड, आणि सामने बाद फेरीचे. सोळा शाळांची तालुका स्पर्धा घ्या. एकूण सामने होतात पंधरा. त्यातल्या आठ शाळा पहिल्याच सामन्यात घरी जातात. त्यांचा वर्षाचा खो-खो दोन डावांत आटोपला. त्याच सोळा शाळांचे आठ-आठचे दोन गट करून साखळी सामने घेतले तर सामने होतात छप्पन्न, आणि सगळ्यात दुबळ्या शाळेलाही सात सामने मिळतात. जो संघ कमी खेळतो त्यालाच सरावाची गरज जास्त, आणि त्यालाच आपण सर्वांत आधी घरी पाठवतो. हे शहाणपण कुणाचं? दहावीचे क्रीडागुणही तसेच. ते स्पर्धेच्या पातळीवर मिळतात. वर्षभर रोज संध्याकाळी कबड्डी खेळून तालुक्यालाच हरलेल्या पोराच्या हाती काय? मी स्वतः शाळेच्या खो-खो संघात होते. नऊ जणी मैदानात आणि तिघी राखीव, त्या तिघींतली एक. गणवेश मिळाला, मैदान मिळालं नाही.

यावर एक प्रतिवाद येतो, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. तो असा, की आपल्याला हे अमेरिकन शनिवार हवेतच कशाला? आपली पोरं गल्लीत खेळायची. ना प्रशिक्षक, ना क्लिपबोर्ड, ना कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले आईबाप. भांडण झालं तर आपापसांत मिटवायची, नियम स्वतः करायची, आणि लहान भावंडाला 'कच्चं लिंबू' म्हणून खेळायला घ्यायची: तो धावेल, खेळेल, पण त्याला बाद करायचं नाही. इथल्या शनिवारी मुलांना स्वतःचं भांडण मिटवायची एकही संधी मिळत नाही, प्रत्येक आउटला रेफरीची शिट्टी. हे खरं आहे. गल्लीत जे शिकायला मिळायचं ते त्या आखलेल्या कोपऱ्यात मिळत नाही, आणि ते नुकसान छोटं नाही.

पण या प्रतिवादातच त्याचं उत्तरही दडलेलं आहे. कच्च्या लिंबाची पद्धत आपलीच आहे. दुबळ्याला खेळात घ्यायचं आणि त्याच्यासाठी नियम सैल करायचा, हे लाड परदेशातून आले असं म्हणणाऱ्यानं आपलं बालपण आठवावं. पोरांनी जे शहाणपण दाखवलं ते आपण मोठ्यांनी शाळेत नेलंच नाही. दुसरं म्हणजे गल्ली आता राहिली कुठं? कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही जुन्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या आहेत, सोसायटीत 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी आहे, आणि मैदान म्हणून जे उरलंय ते तासावर भाड्यानं मिळणारं जाळीतलं टर्फ. तिसरं, गल्लीची आठवण काढणारे बहुतेक पुरुष असतात, हे लक्षात आलंय का? गल्लीत बॅट ज्याची त्याची बॅटिंग पहिली असायची, आणि मुलगी दहा-अकराची झाली की तिला घरातून हाक यायची. मोकळा खेळ सगळ्यांसाठी मोकळा नव्हता. लिखित नियम लागतो तो नेमका अशांसाठी, ज्यांना कुणी आपणहून बोलावत नाही.

अमेरिकेलाही हे आपोआप सुचलेलं नाही. लिटल लीग तीसहून अधिक वर्षं फक्त मुलग्यांची होती. १९७२ साली न्यू जर्सीच्या होबोकनमध्ये मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, म्हणून तीन सामने खेळली, तेव्हा वरून दम आला: हिला काढा, नाहीतर तुमच्या गावाच्या लीगची मान्यता जाईल. सुनावणीत मुलींची हाडं नाजूक असतात वगैरे शास्त्रही सांगून झालं. १९७४ मध्ये मुलींना दार उघडलं ते कायद्याच्या बडग्यानं. तेव्हा 'त्यांच्या रक्तातच आहे', 'आपल्या संस्कृतीत नाही' असली भाषा दोन्ही तटांनी सोडलेली बरी.

इथलं सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. नातीचा शनिवारचा खेळ स्वस्त असतो. पण पोरगं जरा बरं खेळलं की आईबापांना ट्रॅव्हल टीमचे वेध लागतात: निवड चाचणी, पगारी प्रशिक्षक, गावोगावच्या स्पर्धा, हॉटेलं, वर्षाला हजारो डॉलर. तिथं बाक परत येतो. आणि कडेला उभे राहून रेफरीवर ओरडणारे पालक इतके माजले आहेत की काही लीगमध्ये वर्षातून एखादा शनिवार 'मूक शनिवार' पाळतात, त्या दिवशी मोठ्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. ट्रॅव्हल टीमची नक्कल आपण आधीच केलेली आहे, अकादमी नावानं. नक्कल करायची राहिली आहे ती स्वस्त शनिवाराची.

मग जागेचं काय, असं कुणी विचारील. जागेचं भांडण आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर मूठभर गोरे साहेब पोलो खेळायचे आणि घोड्यांच्या टापांनी देशी पोरांच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या उखडल्या जायच्या. पारशी आणि इतर क्रिकेटपटूंनी १८८१ साली सरकारकडे दाद मागितली, पुढं दहा-बारा वर्षं अर्ज-विनंत्या चालल्या, आणि अखेर गव्हर्नर लॉर्ड हॅरिसनं पोलोवाल्यांचीच बाजू घेतली. त्याच हॅरिसच्या नावाच्या ढालीसाठी आपली पोरं आजवर झगडताहेत, हा एक विनोदच. त्या भांडणातला सवाल असा होता: एवढ्या मैदानावर किती जणांनी खेळायचं? तोच आजही विचारायला हवा. फुटबॉलचं एक पूर्ण मैदान साधारण ११० यार्ड लांब आणि ७० यार्ड रुंद असतं. त्यावर बावीस जण खेळतात आणि पाच-सहा बाकावर बसतात. चार विरुद्ध चारच्या मैदानाला ३५ बाय २५ यार्ड जागा पुष्कळ झाली. तशी सहा मैदानं त्याच जागेत आरामात बसतात. म्हणजे अठ्ठेचाळीस मुलं, आणि सगळी चेंडूच्या जवळ. जागा कमी आहे म्हणूनच लहान संघ हवेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान हवं असं परिशिष्टात लिहून ठेवलं. त्या मैदानावर प्रत्येक मुलाला आठवड्यातून किती वेळ मिळावा हे कुणी लिहिलं नाही, आणि पी.टी.चा तास परीक्षेच्या तोंडावर गणिताला जातो तो जातोच.

शनिवारी आपल्याकडे अनेकांना कामावर जावं लागतं, ही अडचण खरी आहे. तर रविवार घ्या. पण माणसं कुठून आणायची, हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण आठशे पोरांमागं पी.टी.चे सर एक. फ्रीमाँटला आमच्या प्रशिक्षकांनी जन्मात फुटबॉल खेळलेला नव्हता. ते कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांनी थोडं प्रशिक्षण घेतलं आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी करून घेतली. कॅलिफोर्नियात मुलांसोबत नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांना २०२२ पासून ती कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि आपल्याकडे काही उचलायचं तर ही गोष्ट आधी उचलावी. रेफरी होती चौदा वर्षांची मुलगी. महाराष्ट्रात निवृत्त बँकवाले, शिक्षक, एस.टी.तले अधिकारी गावोगाव आहेत, सकाळी सहाला उठून फिरायला जातात आणि सोसायटीच्या सभेत दोन-दोन तास नियमांवर बोलू शकतात. मी स्वतः त्यांतलीच. तपासणी करून घ्यायची, घड्याळ बघायचं, कागदावरची नावं पुकारायची आणि शिट्टी वाजवायची, एवढंच काम आहे. ऑफसाइड कळत नाही अशी सबब सांगू नये. चार विरुद्ध चारच्या खेळात ऑफसाइड नसतोच.